वारलेल्या काकांची सही: आमच्या गावच्या घराचं प्रकरण

४ जुलै २०२५, शुक्रवार, संध्याकाळी सातच्या सुमारास ठाणे स्टेशनवरून घरी चाललो होतो आणि गावावरून शेजारच्या काकींचा फोन आला. आमच्या घराची चावी काकींकडे असते, पावसात महिन्यातून एकदा दार उघडून वाळवी लागलीय का, कौल सरकलंय का ते त्या बघतात, त्यामुळे मला वाटलं कौलाचंच काहीतरी असेल. तर काकी म्हणाल्या, "तुमच्या परड्यात माणसा इलीत, टेप लावून मापतत. जागा विकलास की काय?"

आम्ही काहीच विकलं नव्हतं. मग पुढचे सहा महिने जे झालं ते सगळं इथे सविस्तर लिहितोय, कारण सिंधुदुर्ग-रत्नागिरीत बंद घरं असलेली आमच्यासारखी हजारो कुटुंबं मुंबई, ठाणे, पुण्यात बसलेली आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचा सातबारा आमच्यासारखाच असणार याची मला खात्री आहे. केस कोर्टात आहे म्हणून गावाचं, माणसांचं, ऑफिसांचं नाव मुद्दाम टाकत नाही.

आधी जागा काय आहे ते सांगतो. सिंधुदुर्गातलं खाडीकाठचं गाव, साधारण ३४ गुंठे, त्यात चिऱ्याचं जुनं घर, विहीर, थोडे माड आणि हापूसची कलमं. आजोबांनी ही जमीन १९६१ साली स्वतः विकत घेतली, म्हणजे वडिलोपार्जित नाही, त्यांची स्वकष्टार्जित. आजोबा १९७९ मध्ये गेले. त्यांना चार मुलं, मोठे काका, माझे बाबा आणि दोन आत्या. आजोबांनंतर सातबाऱ्यावर नाव लागलं एकट्या मोठ्या काकांचं, पुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कोकणातल्या जुन्या सातबाऱ्यांवर हे तीन अक्षरी प्रकरण ढिगाने सापडतं. मोठे काका २०१४ मध्ये मुंबईत वारले. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही कुणीही सातबाऱ्याला हात लावला नाही, त्यामुळे सरकारी कागदावर मोठे काका जिवंतच होते आणि सगळ्या जागेचे एकटे मालक होते.

काकींचा फोन ठेवला आणि फुटपाथवर उभ्या उभ्याच मोबाईलवर महाभूलेख या सरकारी वेबसाईटवर सातबारा काढला. मोठ्या काकांचंच नाव, बदल काही नाही. पण खाली प्रलंबित फेरफार, म्हणजे नाव बदलायची मंजूर न झालेली नोंद, दाखवत होता. मग 'आपली चावडी' उघडलं. माहीत नसेल तर सांगतो, ही तलाठी ऑफिसच्या बाहेरच्या फळ्याची ऑनलाईन आवृत्ती आहे, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं की त्या गावात कुठल्या गटावर कसला फेरफार पडलाय, तारीख काय आणि हरकत घ्यायची शेवटची तारीख काय, हे सगळं दिसतं, पैसे लागत नाहीत. तिथे आमचा गट नंबर, प्रकार खरेदी, आणि हरकतीची शेवटची तारीख १० जुलै. म्हणजे हातात सहा दिवस, त्यात शनिवार-रविवार.

हे १५ दिवसांचं गणित नीट समजून घ्या, आमचं सगळं त्यावरच तरलं. खरेदीखत सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर झालं की त्याची माहिती ई-फेरफारमधून आपोआप तलाठ्याकडे जाते (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण गावात तलाठीच). जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठी फेरफार लिहितो, चावडीवर लावतो, संबंधितांना नोटीस काढतो आणि १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. आमच्या बाबतीत नोटीस निघालीही होती. पण गेली कुठे, तर खरेदीखतात काकांचा म्हणून जो पत्ता दिला होता तिथे, आणि तो पत्ता ठगांचाच. नोंद मंजूर झाली असती तर प्रांतांकडे अपील करावं लागलं असतं, त्याला ६० दिवसांची मुदत असते, आणि तोपर्यंत सातबाऱ्यावर तिसऱ्याच माणसाचं नाव, त्यावर तो कर्ज काढेल किंवा पुढे विकेल, मग एकाच्या जागी तिघांशी भांडत बसा.

रविवारी आषाढी एकादशी होती. त्या रात्री कोकणकन्येच्या जनरल डब्यातून मी आणि चुलतभाऊ निघालो, सोमवारी सकाळी कणकवलीला उतरलो ते भर पावसात. सोबत होतं काय? मोठ्या काकांचा महापालिकेचा मृत्यू दाखला, घरपट्टीच्या पावत्या, लाईट बिल आणि घरात सापडलेले जुने सातबारे. रात्रभर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर धरलेले.

हरकतीचा अर्ज आम्ही साध्या कागदावर हाताने लिहिला. वकिलाने फोनवर सांगितलं होतं की भावनिक काही लिहू नका, चारच गोष्टी लिहा. खातेदार २०१४ मध्ये मयत आहेत, दाखला सोबत जोडलाय. खरेदीखत त्यांच्या मुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर झालंय, आणि मयत माणूस २०२५ मध्ये ते देऊच शकत नाही. आम्ही त्यांचे आणि आजोबांचे वारस आहोत. आणि आम्हाला ऐकून घेतल्याशिवाय ही नोंद मंजूर करू नये, ती तक्रारी नोंद म्हणून वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावी. ऑफिसात आधी ऐकायला मिळालं की दस्त रजिस्टर आहे, आम्ही काय करणार, तुम्ही कोर्टात जा. भांडलो नाही, फक्त एवढंच म्हटलं की अर्ज घ्या आणि पोच द्या. दुसऱ्या प्रतीवर निळ्या शाईचा गोल शिक्का आणि ७ जुलैची तारीख पडली तेव्हा चुलतभाऊ बाहेर व्हरांड्यात जाऊन नुसता बसून राहिला. तोंडी सांगून परत येऊ नका, कितीही ओळखीचं ऑफिस असलं तरी, शिक्का असलेली प्रत हातात नसेल तर तुम्ही हरकत घेतलीच नाही असं समजा.

तिथून सब-रजिस्ट्रार ऑफिसला. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर गट नंबर टाकून शोधलं तर सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, फुकट बघता येतो, त्यातून दस्त नंबर आदल्या रात्रीच काढून ठेवला होता. त्यावरून खरेदीखताची आणि मुखत्यारपत्राची सही-शिक्क्याची नक्कल मागितली, ती मिळायला दोन-तीन दिवस लागले.

नक्कल हातात आली. शेवटच्या पानांवर पक्षकारांचे फोटो आणि अंगठे असतात. काकांच्या नावासमोर एक अनोळखी माणूस. काळेभोर केस, चौकटीचा शर्ट, कॅमेऱ्याकडे सरळ बघतोय. वय ५८ लिहिलंय. काका असते तर ८१ वर्षांचे असते. ओळखीचा पुरावा म्हणून आधार कार्ड, आणि आमच्या काकांनी आधार कधी काढलंच नव्हतं, त्यांचा सगळा कारभार रेशन कार्डावर आणि पेन्शनच्या पुस्तकावर. सही इंग्रजीत. काका आयुष्यभर मराठीत सही करायचे, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढून. चुलतभावाने त्या फोटोवर बोट ठेवलं आणि खूप वेळ काही बोललाच नाही, स्वतःच्या बापाच्या नावाखाली कुणीतरी भलताच माणूस बसलेला बघणं काय असतं ते मी शेजारी उभा राहून बघितलं.

ठगांनी रचना अशी केली होती. आधी दुसऱ्या जिल्ह्यात, जिथे काकांना कुणी ओळखत नाही, तिथे हा खोटा माणूस उभा करून कुलमुखत्यारपत्र रजिस्टर केलं, ओळख पटवायला दोन साक्षीदार सोबतच आणले. मग मुखत्यार म्हणवणाऱ्या माणसाने आमच्या तालुक्यात येऊन खरेदीखत करून दिलं. त्यामुळे तालुक्याच्या ऑफिसात काका बनलेला माणूस आलाच नाही, फक्त मुखत्यार आला, कागद सगळे रजिस्टर्ड. आणि खरेदीखतात मिळकतीचं वर्णन काय, तर मोकळी शेतजमीन. घराचा उल्लेखच नाही! चिऱ्याचं साठ वर्षांचं घर, तुळशीवृंदावन, विहीर, सगळं कागदावरून गायब.

घेणारा माणूस घाटावरचा. त्याला भेटलो, भेटायलाच हवं होतं. त्याला तिथे होमस्टे काढायचा होता, १९ लाख मोजलेत त्याने, त्यातले बरेचसे बँकेतून मुखत्यारच्या खात्यावर. म्हणाला, वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च घेतला, एकदम क्लीन आला. येणारच होता क्लीन, कारण १९६१ नंतर त्या जागेचा एकही व्यवहार झालेला नव्हता. सर्चमध्ये रजिस्टर झालेले दस्त दिसतात, माणूस जिवंत आहे का ते दिसत नाही. वाडीत येऊन एका घरी पाणी प्यायला बसला असता तरी त्याला कळलं असतं की काका जाऊन अकरा वर्षं झाली. मला त्याचा राग आला नाही, तोही फसलाच आहे, पण कायद्याने त्याला संरक्षण नाही हेही खरं. जे विकणाऱ्याचं नाही त्याची मालकी घेणाऱ्याला मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४१ प्रामाणिक खरेदीदाराला वाचवतं ते खऱ्या मालकाच्या संमतीने कुणीतरी मालक म्हणून वावरत असेल तेव्हा, इथे खऱ्या मालकांना पत्ताच नव्हता.

बऱ्याच लोकांची समजूत असते, आमचीही होती, की रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी झाली, किंवा सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी. दोन्ही नाही. आपल्याकडे दस्त नोंदवला जातो, मालकी नोंदवली जात नाही, सब-रजिस्ट्रार टायटल तपासत नाही. सातबारा हा महसुलाचा कागद, उलट काही सिद्ध होईपर्यंत तो खरा मानायचा एवढंच कलम १५७ म्हणतं. मुखत्यारपत्राबद्दल तर सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, आणि देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र तिथेच संपतं. म्हणजे कायदा आमच्या बाजूने होता. पण रजिस्टर झालेला दस्त रद्द करायचा अधिकार सब-रजिस्ट्रारला नाही, तो दिवाणी कोर्टाचा. आणि कोर्टात जायचं तर सगळे वारस लागतात.

पोलिसांचं आधी सांगून टाकतो. पहिल्या दिवशी "ही दिवाणी बाब आहे" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी आम्ही लेखी तक्रार घेऊन गेलो, एका बाजूला मृत्यू दाखला, दुसऱ्या बाजूला दस्तातला फोटो, दोन्ही एकाच पानावर झेरॉक्स. बनावट माणूस उभा करणं आणि बनावट दस्त करणं हा फौजदारी गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेत तोतयागिरी ३१९, फसवणूक ३१८, मौल्यवान दस्ताची बनावट ३३८, बनावट दस्त खरा म्हणून वापरणं ३४०. शिवाय नोंदणी कायद्याचं कलम ८२ आहेच. तरी आठवडा गेला, मग जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज केला, त्याची सोय न्याय संहितेच्या जोडीला आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच दिलेली आहे, आणि त्यानंतर गुन्हा दाखल झाला. घेणाऱ्याने बँकेतून दिलेल्या पैशांच्या मागावर मुखत्यार सापडला. काका बनून बसलेला माणूस अजून सापडलेला नाही.

आता सगळ्यात अवघड भाग.

वकिलाने कागद बघितले आणि विचारलं, आजोबांच्या मुली कुठे आहेत? त्यांची नावं कशी नाहीत? आम्ही दोघं गप्प. खरं कारण सांगायचं तर २०१४ नंतर वारस नोंद का केली नाही, तर वारस नोंद करायला गेलो की आजोबांपासूनचे वारस लागणार, म्हणजे दोन्ही आत्यांची नावं येणार. घरात कुणी उघड बोलायचं नाही, पण "राहू दे, नंतर बघू" याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. आजोबांच्या स्वतःच्या जमिनीत १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना मुलांइतकाच हिस्सा होता, १९७९ मध्येही होता, त्यासाठी २००५ ची दुरुस्तीही लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तर सरकारने जिवंत सातबारा मोहीम राज्यभर काढली होती, मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची म्हणून, गावोगाव चावडीवाचन झालं, काकींनी तेव्हाही फोन करून सांगितलं होतं की तुमच्या काकांचं नाव वाचलं, येऊन जा. आम्ही गेलो नाही. जूनमध्ये खरेदीखत झालं. ठगाने काही कुलूप फोडलं नाही, बहिणींना बाहेर ठेवायला म्हणून जे दार आमच्या घराने उघडं सोडलं होतं त्यातूनच तो आत आला, हे मी माझ्या बाबांसमोर बोललो आणि ते त्यांना लागलं, पण बोलणं भाग होतं.

मोठी आत्या आता नाही, तिची मुलं पुण्यात. धाकटी आत्या कुडाळला, ७४ वर्षांची. तिला फोन बाबांनीच केला. मला वाटलं होतं ती ऐकवेल, तिला ऐकवायचा पूर्ण हक्क होता. ती एवढंच म्हणाली की घर विकलं कुणीतरी? आईची तुळस आहे तिथे. आणि दुसऱ्या दिवशी एसटीने कोर्टाच्या गावी हजर, पिशवीत तिच्या लग्नाच्या वेळचा घरासमोरचा फोटो. तो फोटो पुढे कागदपत्रांच्या यादीत लागला, कारण दस्तात मोकळी जागा लिहिलंय आणि फोटोत घर दिसतंय.

दावा लावला तो मुखत्यारपत्र आणि खरेदीखत बेकायदेशीर आणि आमच्यावर बंधनकारक नाही असं ठरवून मिळावं, आणि घेणाऱ्याला व मुखत्याराला जागेत यायला, पुढे विकायला कायमची मनाई व्हावी म्हणून. कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, पण तीन महिनेही थांबू नये, कारण मनाई मागताना उशीर का केला हा पहिला प्रश्न येतो. समोरच्याने आधी जाऊन आमच्या माघारी हुकूम आणू नये म्हणून सुरुवातीलाच कॅव्हेट टाकलं होतं, ते ९० दिवस चालतं. दावा चालू असल्याची नोटीस वकिलाने सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करून घेतली, म्हणजे उद्या कुणी सर्च घेतला तर त्याला दावा दिसेल, आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीसही दिली.

मनाईसाठी ताबा दाखवावा लागतो, आणि बंद घराचा ताबा दाखवायचा कसा हा कोकणातला खरा प्रश्न आहे. आम्हाला वाचवलं ते ग्रामपंचायतीच्या असेसमेंटच्या उताऱ्याने, नमुना ८, त्यात घर नंबर आणि आजोबांचं नाव होतं, आणि बाबांनी एकही वर्ष न चुकवता भरलेल्या घरपट्टीच्या पावत्या. लाईट बिल महिन्याला नगण्य, पण मीटर कधी काढला नाही. काकींचं प्रतिज्ञापत्र, की दरवर्षी गणपतीला ही माणसं येतात, गणपती याच घरात बसतो. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून १९६१ च्या फेरफाराची नक्कल काढली, पिवळा कागद, टाकाने लिहिलेला, त्यात आजोबांचं नाव आणि खरेदीची रक्कम. गणपतीच्या काही दिवस आधी कोर्टाने तूर्तातूर्त मनाईचा हुकूम दिला, पुढे तो कायम झाला. २७ ऑगस्टला गणपती बसला आणि त्या वर्षी पहिल्यांदा आत्या पाहुणी म्हणून नाही तर घरची म्हणून पाच दिवस राहिली.

ऑक्टोबरमध्ये मंडळ अधिकाऱ्यांकडे सुनावणी झाली. तिथे फार बोलावं लागलं नाही, मृत्यू दाखला आणि दस्ताची तारीख शेजारी शेजारी ठेवली, खरेदीची नोंद नामंजूर. दिवाणी दावा अजून चालू आहे, दोन-तीन वर्षं सहज जातील, खर्चही होतोय.

आता आम्ही काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग होईल म्हणून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चुलतभाऊ आपली चावडी बघतो आणि मी गट नंबरने इंडेक्स टू बघतो, दोघांची मिळून दहा मिनिटं. वर्षातून एकदा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून काढून ठेवतो. पडलेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, लावून घेतला, बांधाला फाटक केलं आणि फाटकावर पाटी लावली, मालकांची नावं, दोन मोबाईल नंबर, आणि "ही जागा विक्रीस नाही, दावा न्यायप्रविष्ट". मोजणीचा अर्ज भरलाय. सातबारा किंवा आधारची झेरॉक्स कुणा दलालाला "नुसती बघायला" द्यायची नाही हे घरात सगळ्यांना सांगितलंय, दिलीच तर त्यावर कशासाठी दिली ते आडवं लिहून. ज्यांनी कुणाला खरंच मुखत्यारपत्र दिलंय आणि काम झालंय त्यांनी ते रजिस्टर करून रद्द करा, तसंच पडून राहू देऊ नका. हायवे, चिपीचं विमानतळ, होमस्टे यामुळे जमिनीचे भाव चढलेत आणि बंद घर, जुनं नाव, मुंबईचे मालक हे गणित दलालांना आपल्यापेक्षा आधी कळतं. सातबारा ऑनलाईन कुणालाही दिसतो, त्याला दोष देऊ नका, आम्हालाही ते तिथेच दिसलं.

आणि वारस नोंद. अर्ज, मृत्यू दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर काम झालं. डिसेंबरमध्ये नोंद मंजूर झाली. मी नवीन सातबारा घेऊन कुडाळला आत्याकडे गेलो. तिने चष्मा पुसला, कागद खिडकीपाशी धरला आणि नावांवरून बोट फिरवत खाली आली, बाबा, मोठ्या काकांच्या घरचे, मोठ्या आत्याची मुलं, आणि मग तिचं. तिने ते मोठ्याने वाचलं, वडिलांच्या नावासकट. मग विचारलं, ह्याची झेरॉक्स मला ठेवून देशील का? मी म्हटलं, आत्या, हीच ठेव, झेरॉक्स मी नेतो.